चाचणी खरेदी

आमचा टाय बांधायचा नसतो, अडकवायचा असतो.
कुणी ओढला तर त्याच्या हातात जावा
आणि गळा आपल्याकडे राहावा.
कॅडेट झाल्यावर हे पहिलं शिकले.
मग बुटांचं पॉलिश. मग, नाव विचारताना
समोरच्याच्या हातांकडे बघणं.

दर गुरुवारी पोहण्याच्या तलावावरच्या हॉलमध्ये
क्लोरीनच्या वासात आम्ही चौदाजण रांगेत उभे.
यातले तिघं तरी पोलीस होतील, असं कॉन्स्टेबल होलरॉइड म्हणतात
आणि माझ्याकडे बघतात.

आज म्हणाले, गणवेश नको.
शाळेचं जाकीट, केस मागे, ओठांना काही लावू नकोस.
"पंधराचीच दिस."
पंधराचं दिसायला एवढी तयारी लागते, ठाऊक नव्हतं;
एरवी माझी सगळी खटपट उलट्या दिशेनं.

वय विचारलं तर खरं सांगायचं.
नाही म्हणाले तर गळ घालायची नाही.
खोटं बोलायचं नाही.
खिशात दहा पौंडांची नोट, तिचा नंबर त्यांच्या वहीत.

बंदराकडच्या वळणावर दिव्याच्या खांबाला
अजून फुलं बांधलेली आहेत, प्लास्टिकमध्ये कुजून चहाच्या रंगाची.
जोना गणिताच्या तासाला माझ्यापुढे बसायचा.
सुरी कुठल्या दुकानातली, आम्हाला कुणी सांगितलं नाही.
त्याच्यासाठी कॅडेट व्हायचंय, असं अर्जात लिहिलं होतं मी.
बुटांचं लिहिलं नाही.

सहा दुकानांत नकार.
सुपरमार्केटातल्या बाईनं ओळखपत्र मागितलं,
एक पोरगा हसून म्हणाला, "पळ."
कॉन्स्टेबल खूश. गाडीत पेपरमिंट वाटल्या.

सातवं, ऑसगरबी आणि मुलगा, लोखंडी सामान.
मुलगा म्हणजे आता हेच, ऐंशीच्या घरातले.
काचेखालच्या एका सुरीवर मी बोट ठेवलं,
मासे सोलायची, सहा इंची, वाकणारं पातं.
त्यांनी वय विचारलं नाही. विचारलं,
"डावखुरी का गं?"
आहे मी.
"मग ही नको." शिडीवर चढले,
वरच्या खणातून एक खोका काढला, धूळ फुंकली.
"गोदीवर लागलीस?"

ग्रिम्सबीच्या गोदीवर आता कोण लागतं?
बर्फाच्या कारखान्याच्या छपरावर झुडपं उगवलीत.
पण त्यांच्याकडे पहाटेचे पाच वाजले होते,
रबरी बुटांतल्या मुली दारात उभ्या होत्या.
"पहिली सुरी माझे वडील उधारीवर द्यायचे.
पहिल्या पगाराला आणून द्यायच्या पैसे.
एकीनंही बुडवले नाहीत."
मग सुरी वर्तमानपत्रात गुंडाळत,
"पहिलीच नोकरी?"

माझी मान हलली.
तो होकार होता का, अजून ठरवता येत नाही.

सुतळीची गाठ मारली, खरी गाठ.
"दुसऱ्या हाताची बोटं आत वळव,
पातं नखांना टेकून घसरू दे."
आणि दोन पौंड कमी घेतले, शुभेच्छा म्हणून.

चार वाजून बेचाळीस मिनिटं.
सुरी प्लास्टिकच्या नळीत, सुतळी वेगळ्या पाकिटात.
"शाब्बास, एफी," म्हणून कॉन्स्टेबल आत गेले.
काचेतून दिसत होतं:
गिऱ्हाईक समजून म्हातारा आधी हसला,
मग कागद वाचायला चष्मा शोधू लागला,
काउंटरवर, खिशात, खोक्याखाली.
तो कपाळावर होता.
मला काच वाजवून सांगता आलं असतं.

गाडीत फॉर्म भरताना होलरॉइडनी विचारलं,
"विक्रेत्याशी काही खोटं बोललीस?"
बोलले नाही.
त्यांनी तसंच लिहिलं.

रात्री कांदा चिरताना आई माझ्या हाताकडे बघत राहिली,
बोटं आत वळलेली, पातं नखांवरून सरकत.
"हे कुठं शिकलीस?"
"कॅडेटमध्ये," म्हणाले.