एक हात

पंखा बंद कर, तौफिक.
वर्खाची वही उघडली की
रबाळ्याच्या या गाळ्यात कुणी शिंकायचंही नाही.

यशवंत मेस्त्रींनी शिवणीचं मेज करून दिलं,
कमरेएवढं, भिंतीलगत ठेवायचं,
पाय किंचित वाकलेले,
रांगेत फार वेळ उभं राहिल्यासारखे.
रंधा खाली ठेवत म्हणाले,
"एवढं गुळगुळीत केलंय. आता ओरखड तुझं तू."
चांगल्या लाकडाला म्हातारं करायचं,
वर त्याचे पैसे घ्यायचे,
हे त्यांना अजून पटलेलं नाही.

खडू आणि सरस, पेजेइतकं दाट. सहा हात.
प्रत्येक हात वाळला की पॉलिश पेपर.
मग गेरू, दोन हात.
मग साइज लावून वाट बघणं.
डब्यावर लिहिलंय, तीन तास;
डब्यावर लिहिणाऱ्याला ठाण्याची खाडी माहीत नाही.
मी बोटाचं पेर टेकवते.
चिकटलं तर थांबायचं,
सरकलं तर वेळ गेली,
चुटकन बोललं की हीच.

ब्रश आधी गालावरून फिरवायचा,
तेवढ्या तेलकटपणावर वर्ख उचलला जातो.
वर्ख पितळेचाच. सोन्याचा कुणाला परवडतो?
पण श्वास तेवढाच रोखावा लागतो.

मेज झळाळलं.
तौफिक म्हणाला, हॉलमधल्या नवरा-नवरीच्या खुर्चीसारखं.
खरंच. लाज वाटावी इतकं नवं.

आता पुसायचं.
कुठे? तर जिथे हात गेले असते तिथे.
शंभर वर्षांचे हात मला बसल्या जागी जमवावे लागतात.
उजवा कोपरा धरून वहाण चढवणारा कुणी.
रोज एकाच जागी किल्ल्या आपटणारा.
एक थोरली जाऊ मी नेहमीच धरते, घाईतली,
तिचा पदर कडेला घासत जातो,
तिथे स्टील वूल जरा दाबून.
गेरू वर येतो.
नक्षीच्या खाचांत तपकिरी हात,
दर दिवाळीला राहून गेलेली धूळ.
जुन्या टूथब्रशने माश्यांचे ठिपके.
शेवटी लॅकर,
म्हणजे हे म्हातारपण
आता आणखी म्हातारं होणार नाही.

सीवूड्स, एकोणिसावा मजला.
गौतमी कारखानीस यांचा आठ महिन्यांनी फोन:
"डाव्या पायाचा रंग जातोय. काळं पडतंय. असं कसं हो काम तुमचं?"

पिशवी घेऊन गेले.
माझा उजवा कोपरा तसाच, कुणी धरलेला नाही.
किल्ल्या दाराशी खुंटीला.
जावेच्या पदराची जागा कोरी करकरीत जुनी.
आणि डाव्या पायाला, आतल्या बाजूने,
जमिनीपासून वीत-दीड वीत वर
एक पट्टा झिजलेला,
मधे गेरू, कडांना हिरवट काळं,
तिथे लॅकरचा हात माझ्याच हातून राहिला होता.

इतक्या खाली कोण धरेल,
हे मला सुचलंच नव्हतं.

मी वाकून बघत होते तोवर तो आला,
दुडदुडत नाही, बसत-उठत,
त्या पट्ट्याला पकडून उभा राहिला,
ओल्या मुठीने,
आणि माझ्याकडे बघितलं,
मीच त्याची जागा अडवून बसल्यासारखं.

"परत सोनेरी होईल ना?" त्या म्हणाल्या.
साइजचा डबा मी उघडला होता. बंद केला.
म्हटलं, अशी झीज हवी असेल
तर मी वेगळे पैसे लावते.
त्या हसल्या नाहीत. मग थोड्या वेळाने
त्याच पायाशी त्याही खाली बसल्या.

तो झोपल्यावर मी काम उरकलं.
पावतीवर लिहिलं:
लॅकर, एक हात.
बाकीचे घरचे.