लाल फुली

एका तावात किती वाघ, ते सांगणार नाही.
नोकरीला लागताना तशी सही करून दिलीय,
आणि रिटायर झालो म्हणून सही पुसली जात नाही.
बरेच होते, एवढंच सांगतो.
गेंडा, हत्ती आणि त्यांच्या शेजारी तो,
दहाच्या नोटेच्या पाठीवर,
नखाएवढा.

नाशिकरोडला भोंगा झाला की गेटवर झडती.
डबा उघडून दाखवायचा, चपला झटकायच्या,
मग ट्यूबलाइटखाली दिवसभर मान खाली.
एकतीस वर्षं मी वाघ तपासले.
रेष तुटलेली, शाई फुटलेली,
मिशी जरा जाड,
की लाल पेन्सिलीची फुली.
फुलीचे वाघ मोजायचे, वहीत चढवायचे,
आणि यंत्रात घालून त्यांचा भुगा.
प्रत्येक वाघ दुसऱ्यासारखाच हवा,
हा आमचा कायदा.
लोखंडे साहेब म्हणायचे,
"भोये, तुझ्या नजरेतून वाघ सुटत नाही."

सावळघाटाखालच्या आमच्या पाड्यावरून तर
तो कधीचाच सुटला होता.
राहिला लाकडातला वाघदेव,
वर चांद-सूर्य, बाजूला नाग,
अंगावर सात पट्टे,
सुताराला जमले तेवढे.

वाघबारशीला गुराखी पोरं
एकावर घोंगडी टाकून त्याला वाघ करायची.
"आमच्या शिवारात येशील का?"
"नाय येणार."
"आमची गाय खाशील का?"
"नाय खाणार."
मग काकडीची फोड हातावर ठेवून
त्याला ओढ्यापलीकडे पळवून लावायचं.
दोन वर्षं मीच वाघ होतो.
दोनदा शब्द दिला.
तो इतका पाळला जाईल, असं कुणाला वाटलं होतं?

आता दारणेकाठी उसात बिबट्या दिसला
तरी लोक म्हणतात, वाघ आला.
पिंजरा येतो, आत एक शेळी रात्रभर ओरडते.
आमच्या गल्लीतली माणसं
गाडी काढून बघायला जातात.

माझी भाची यमुना मेळघाटात वनरक्षक आहे.
गेल्या उन्हाळ्यात जेलरोडला आली होती,
पायांवर काट्यांचे ओरखडे, मोबाइलला रबरबँड.
दर चार वर्षांनी देशभर मोजणी असते, म्हणाली.
पायवाटेच्या दोन्ही अंगांना दोन झाडं,
दोन कॅमेरे समोरासमोर, गुडघ्याच्या उंचीवर.
"दोन कशाला?"
"मामा, त्याची डावी कूस उजवीसारखी नसते.
आणि एकाचे पट्टे दुसऱ्याला नसतात,
म्हणून तर मोजता येतात."

एक कॅमेरा चिंचेला बांधलेला होता.
चिंच गावातली. गाव उठवलेलं,
पैसे मिळाले, घरं मिळाली, रस्त्यालगत.
"आणि त्यांचा वाघदेव?"
ती चहा ढवळत राहिली.
साखर केव्हाच विरघळली होती.

मग तिने फोटो दाखवला.
रात्र, वाळलेलं गवत,
आणि अर्ध्या पडद्यात मावलेला तो.
दोन बोटांनी मोठा केला.
जुनी खोड. नजर रेषारेषांवरून चालत गेली
आणि खांद्याच्या मागे अडली.
"तिसरी रेष तुटलीय," मी म्हणालो.
उजवा हात आपोआप खिशाकडे गेला.
"हो," यमुना म्हणाली,
"त्याच्यावरूनच तर ओळखला त्याला."

बराच वेळ मी मोबाइल परत केला नाही.
वहीत चढवलेले किती असतील?
भुगा किती पोती?

यंदा वाघबारशीला पाड्यावर गेलो.
एसटीत सुट्ट्यांची बोंब; कंडक्टरने
दहाची मळकी नोट परत दिली, ती न बघता खिशात टाकली.
देवाला शेंदूर लागला, खीर शिजली.
धाकलू गावंड्याचं पोरगं यंदा वाघ.
"आमच्या शिवारात येशील का?"
पोरगं विसरलं.
घोंगडीच्या फटीतून नुसतं बघत राहिलं
आमच्याकडे, मग डोंगराकडे.
कुणीतरी आठवण करून द्यायला हवी होती.
मी सगळ्यांत जवळ उभा होतो.
मला पाठही होतं.