स्तिलेत्तो

स्कार्पेरियाच्या उतारावरच्या दुकानात नेल्लो बाच्चोत्ती
रेड्याच्या शिंगाची मूठ घासत बसलेला.
नात शाळेतून आली, दिआनोरा,
लॅटिनच्या तासाची शाई अजून बोटांना.

"नोन्नो, हा शब्द मुळात लेखणीचा.
स्तिलुस. मेणाच्या पाटीवर
अक्षरं ओरखडायची सळई.
तिला लाडानं 'एत्तो' जोडलं,
झाली लेखणुली."

म्हातारा हसला नाही.
पातं त्यानं उजेडात धरलं.
तीन कडा, धार एकीलाही नाही.
यानं पाव कापता येत नाही, दोरी कापता येत नाही.
हे नुसतं शिरतं.

"माझ्या आज्यानं एक घडवलं होतं," म्हणाला,
"गिऱ्हाइकानं नाव सांगितलं नाही.
पैसे मात्र जास्तच ठेवून गेला."

मग बराच वेळ
कानशीचाच आवाज.

"आणि त्या सळईचं
दुसरं टोक?"

"चपटं असायचं, नोन्नो.
चुकलं की त्यानं मेण
पुन्हा सारखं करायचं."

त्यानं मूठ उलटी केली,
तिच्या बुडावरून अंगठा फिरवला,
गोल, गुळगुळीत,
दोनदा फिरवला,
आणि चष्मा काढून ठेवला.