साडेअकरा मीटर

नव्या पेठेत, काउंटरच्या काचेवर
तीन तुकडे: दोन काळे, एक पांढरा.
विरूपाक्ष म्हणाला, पांढरी न्या, भिंतीवर शोभते.
नानांनी रंगाकडे पाहिलंच नाही.
खिशातून सुताची कातर काढली,
बोटाच्या पेरभर साल सोललं
आणि चष्मा कपाळावर सरकवून
आतली जाळी दाराच्या उजेडात धरली.

"तारा किती हिला?"
केबलवाल्याला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.
"आरजी सहा आहे काका. कंपनीचा माल."
"ते सालावर लिहिलंय. मी आतलं विचारतोय."
मग स्वतःच मोजू लागले, ओठांत,
ओकटी, रेंडु, मूडु.
एकतीस वर्षं टॉवेलच्या मागावर काढलेला माणूस
बोलतो मराठीत, मोजतो तेलुगूतच.

पहिलीची जाळी नखानं बाजूला सारली
ती बाजूलाच राहिली.
"मच्छर पण अडणार नाही हिच्यात."
दुसरी दाट, पण आत पोलाद, वर तांब्याचा नुसता मुलामा;
वाकवली की पुन्हा सरळ व्हायला बघायची.
तिसरी दोन बोटांभोवती सैल फिरली,
सोडल्यावर सावकाश उलगडली.
"ही. हिला अंग आहे."

मीटरमागे सहा रुपये जास्त.
मी कुरकुरलो. पैसे माझे होते.

पण विडी घरकुलातल्या आमच्या दोन खोल्यांत
टीव्हीला एक जागा नाही.
दुपारी त्याचं तोंड अम्माच्या सुपाकडे,
पानं कापता कापता तिला मालिका लागते.
रात्री नानांच्या खाटेकडे.
चाकांची फळी रोज दोनदा फिरायची
आणि जुनी केबल त्याच एका जागी मोडत मोडत
एप्रिलमध्ये गेली,
मालिकेतली सून खरं सांगायला
नेमकं तोंड उघडत असताना.
त्याआधीही शेजारच्या कारखान्याची मोटर सुरू झाली
की सुनेच्या तोंडावर रेघा यायच्या.

चौकटीच्या कोपऱ्याशी मी खिळा घेऊन उभा.
"आवळू नको. वाकेल ती, पण दुमडलीस
तर आतला पांढरा फेस दबेल,
आणि चित्र फुटेल."
"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"
"विरूपाक्षनं. तू पैसे मोजत होतास तेव्हा."
शेंगाचटणीच्या बरणीचं झाकण त्यांनी कोपऱ्यात धरलं,
तेवढ्या गोलानं वळसा दिला.
भिंतीवर चटणीचा लाल अर्धा चंद्र उमटला,
तो अजून आहे.

चित्र आलं. मोटर चालू होती, तरी आलं.
अम्मा म्हणाली, सुनेची पावडर पण दिसायला लागली की.
आणि हातातलं पान न सोडता,
आवाज कमी कर.

हातभर तुकडा उरला होता.
सकाळी नाना उंबऱ्यात बसून तो उसवत होते,
तारांच्या जुड्या, एक वरून, एक खालून,
केसांहून जरा जाड.
शेवटचा माग भंगारात गेला त्या दिवशी
वजनकाट्यापर्यंत मी त्यांच्यासोबत होतो.
तेव्हा ते काही बोलले नव्हते.

"मशीन चांगलं आहे," म्हणाले. "एक तार चुकलेली नाही.
कुठं चालतं हे?"
मी पिशवीतून रिकामं वेष्टन काढलं.
पत्त्याच्या जागी विरूपाक्षनं किंमत चिकटवली होती.

"रात्रपाळी असेल का तिथं?"