ग्रँड

नातेलाच्या एप्रनच्या खिशात
रबरबँड लावलेली चिठ्ठ्यांची चळत.
गॉलवेच्या वृद्धाश्रमात रात्रपाळीला
चादरी बदलता बदलता
ती एक चिठ्ठी वर काढते,
ओठ हलवते,
पुन्हा तळाशी सारते.

कुताइसीच्या इस्पितळात अकरा वर्षं तिनं भूल दिली.
पापण्यांकडे बघून सांगायची,
हा आता पाचच्या पुढे मोजणार नाही.
इथे मार्चमध्ये परीक्षा.
दुखतंय हे कळून भागत नाही,
कसं दुखतंय ते इंग्रजीत कळायला हवं.

ठणका निराळा, ठसठस निराळी,
कळ उठते, चमक भरते,
आत कुणी सावकाश पिळतंय असं वाटतं
ते तर आणखी तिसरंच.
प्रत्येकाची वेगळी चिठ्ठी.
पाठीमागे जॉर्जियन गोल अक्षरांत अर्थ,
अर्थाखाली आठवणीसाठी एकेक पेशंट:
नॅगिंग – शोतिकोचा गुडघा.
थ्रॉबिंग – पोस्टातल्या इरमाची दाढ.
एक्सक्रूशिएटिंग तीन आठवडे पाठ होईना.
त्याच्यामागे तिनं नाव लिहिलेलं नाही.

सात नंबरच्या खोलीत फेस्टी कनीली,
जन्मभर होड्यांची इंजिनं उघडलेला माणूस.
खुब्याचं हाड मोडलंय.
ती विचारते, थ्रॉबिंग? डल? की सुरी फिरल्यासारखं?
तो म्हणतो, ग्रँड.
कूस बदलताना ग्रँड.
घाम पुसताना ग्रँड.
तिनं पहाटे चार वाजता शब्दकोश उघडला:
भव्य, दिमाखदार, राजेशाही.

मग तिनं शब्दकोश मिटला
आणि खुर्ची ओढून नुसती ऐकत बसली.
एक ग्रँड दात आवळून येतो.
एक, श्वास अर्ध्यात सोडून.
एक इतका हळू आला
की तिनं धावत जाऊन नर्सला आणलं,
आणि नर्स म्हणाली, बरं झालं आत्ताच बोलावलंस.

उजाडता उजाडता नवी चिठ्ठी झाली.
पुढे: ग्रँड.
मागे खूप वेळ कोरं.
शेवटी लिहिलं: पलंगाची दांडी बघ,
बोटं पांढरी झालीत का.

बसस्टॉपवर बहिणीचा फोन. मुलगा शाळेला निघालाय,
बूट लहान होतायत,
तू कशी आहेस?
नातेला म्हणाली, ग्रँड.

बहिणीला इंग्रजीचा गंध नाही.
म्हणजे काय गं, तिनं विचारलं.
बस आली होती.
एका हातात फोन,
दुसऱ्या हातानं नातेलानं दांडी धरली.