जेर्बा बेटावर, एक मडकं

बशीरनं मडकं टेबलावर ठेवलं.
आतून अजून समुद्र ठिबकत होता.
"रोमन असेल ना?"

माब्रूकानं काठावरून नख फिरवलं,
फुटक्या कडेला जीभ लावली.
खारट. तेवढं तर कुणीही सांगेल.
मग भिंगाखाली: बारीक रेती, पांढुरका थर,
समुद्राच्या पाण्यात मळलेली
गेल्लाला गावची माती.

"साठ वर्षं. फार तर सत्तर.
ऑक्टोपस धरायचं मडकं.
तळाशी अशी हजारो पडलीत."

तो उठला नाही.
गळ्याखालच्या तीन खाचांवर
त्याचा अंगठा थांबला होता.
"ही खूण कुणाची?"

बापाची दोरी तुटली त्या रात्रीचं वादळ
त्यानं सांगितलं,
वारा कुठून होता तेही,
साल, महिना, वार.

माब्रूकानं कागदावरचं
'अंदाजे' खोडलं.