निशाणी २७

साक्षीदार सोजरबाई कचरू गांगुर्डे, वय अठ्ठावन्न,
धंदा : सीबीएसजवळच्या शौचालयाबाहेर बसणे, पाच रुपये घेणे.
मी कोर्टाची टंकलेखक.
ऐकते ते टाइप करते.

दातीर वकिलांनी विचारलं,
त्या दिवशी वादी कुठल्या बाजूनं आत गेला?
सोजरबाई म्हणाल्या, बायकांच्या बाजूनं गेली.
माझी बोटं 'गे'वर अडली.
मराठीत कुणाला नुसतं जाता येत नाही,
गेला की गेली ते ठरवल्याशिवाय.

हरकत. हरकतीवर हरकत.
घटनेची कलमं, महापालिकेचा ठराव,
जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचं ओळखपत्र.
निशिगंधा सुती साडीत, ताठ,
मांडीवर पाण्याची बाटली, सकाळपासून न उघडलेली.
मला ती बाटली कळते.
आमच्या मजल्यावरच्या कुलपाची चावी
नाझरसाहेबांच्या ड्रॉवरमध्ये असते.

मागच्या बाकावर सिन्नरची मुलगी,
जिच्या अर्जावरून पाटी बदलली.
जेवणाच्या सुट्टीत जिन्यावर मला म्हणाली,
ताई, एकदा दारावरून कुणीतरी मोबाइल धरला होता.
पँटशर्टातला. सापडला नाही.
तेव्हापासून मी कडी तीनदा बघते.
हे कागदावर नाही,
तिला अजून कुणी विचारलेलं नाही.

— तुम्ही तपासलं होतं का, आत जाणारं कोण ते?
— म्या सुटे तपासते.
— भीती नाही वाटली?
— वाटली ना. सिंहस्थात एक बाई आत बाळंत झाली,
तवाबी वाटली.
— मग काय केलंत?
— बादली भरून दिली.

कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत.
म्हणाले, साक्षीदाराचे शब्द जसेच्या तसे.
मी 'गेली' टाइप केलं.
खाली : वाचून दाखवले, बरोबर आहे.
त्याखाली सोजरबाईंचा डावा अंगठा,
निळा, थोडा फरफटलेला.

पुढची तारीख अठरा.

खुर्च्या रिकाम्या झाल्यावर निशिगंधा जवळ आली.
मॅडम, चावी कुणाकडे असते?
नाझरसाहेब साडेचारलाच निघाले होते,
ड्रॉवर बंद करून.
तसं तिला सांगितलं
आणि पर्समध्ये पाच-पाचची नाणी शोधू लागले.
सिन्नरची मुलगी जिन्याच्या कठड्याशी
अजून उभीच होती.
दोन सापडली.
तिसरं असायला हवं होतं.